चार कॅमेरे, एक परवाना

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि वाचणाऱ्याची माफी मागतो. कबनूरला आमच्या घरी वडील लूमवर आणि आई कांड्या भरायला. घरात कागद यायचा तो रेशनचा, नाहीतर माझ्या शाळेचा. कॉलेजची पायरी चढलेला मी घरातला पहिला, पण पदवी मिळाली म्हणून लिहिता येतंच असं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं माझ्या नात्याची नव्हती. मी त्यांचा भाडेकरू होतो. त्यांच्या घरातलं बाहेर सांगावं की नाही, या विचारात माझी काही वर्षं गेली. पण त्या घरात बाप एक गोष्ट मुलापासून लपवत होता आणि मुलगा एक गोष्ट बापापासून, आणि दोन्ही माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो. म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

घर कोल्हापूरच्या कडेला, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. सगळी गल्ली घरमालकांना आण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आक्का. आण्णांनी दूध संकलन केंद्रावर फॅट बघण्यात नोकरी काढली होती. शेती पुतण्याकडं दिलेली. आक्कांच्या दोन म्हशी होत्या, त्या मी राहायला जायच्या थोडं आधी विकल्या होत्या. मुलगा अमेरिकेत होता. मी बीसीएला होतो.

खोली बघायला गेलो तेव्हा आण्णांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते जरा थांबले.

"वरची खोली पत्र्याची हाय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात भाजंल. चालंल?"

मी चालेल म्हणालो. आक्कांनी चहा दिला तो स्टीलच्या ग्लासात. त्या दोघांच्या हातात कपबशी होती. माझा ग्लास धुऊन जिन्याखालच्या कोनाड्यात उपडा राहायचा. याचं मला नवल वाटलं नाही. पुढं आक्कांचं विसरणं वाढत गेलं आणि एके दिवशी त्या ग्लासाचं काय करायचं असतं तेही त्या विसरल्या. तेव्हापासून मला कपातून चहा मिळू लागला. आण्णांनी बघितलं आणि आपला कप उचलला. मला याचा आनंद व्हायला हवा होता की नको, हे मला अजून सांगता येत नाही.

आक्का आधी मीठ विसरल्या, मग दिवस, मग शेजारणीची नावं. धारेची वेळ मात्र विसरल्या नाहीत. पहाटे आणि दिवस मावळताना त्या उठायच्या, स्टीलची बादली घ्यायच्या आणि मागच्या दारानं गोठ्यात जायच्या. बादलीवर आण्णांचं नाव घातलेलं होतं, आपल्याकडं भांड्यांवर घालतात तसं. गोठा रिकामा बघून त्या घरात परत यायच्या नाहीत. म्हशी सुटल्यात असं समजून शोधायला निघायच्या. एकदा त्या संकलन केंद्रावर रिकामी बादली घेऊन रांगेत उभ्या सापडल्या. रांगेतल्या बायकांनी त्यांना पुढं जाऊ दिलं होतं.

दाराला कडी घालून बघितली. आक्कांनी दार बडवून हात सुजवून घेतले. "मी काय चोर हाय व्हय?" एवढंच त्या विचारत राहिल्या. त्यानंतर आण्णांनी कडी घातली नाही. आणि आमच्या गल्लीत दिवसा दार लावलेलं दिसलं की लोक काय झालं म्हणून विचारत येतात, तेही आण्णांना नको होतं.

आई एकदा चुकली, एवढं कुणीतरी मुलाच्या कानावर घातलं. त्यानं गावाकडं येणाऱ्या मित्राबरोबर एक पेटी आणि चार कॅमेरे पाठवले. साध्या वायरीचे कॅमेरे नव्हते ते, नेटवरून चालणारे होते. पेटी चित्र साठवून ठेवायची, दारात काही हललं की कॉम्प्युटरवर टिंग करायची, आणि तेच चित्र मुलाला अमेरिकेत दिसायचं. मी कॉम्प्युटरचं शिकत होतो म्हणून जोडणी माझ्याकडं आली. एक कॅमेरा पुढच्या दारावर, एक मागच्या, एक जिन्यावर आणि एक स्वयंपाकघरात गॅसकडं तोंड करून लावला. दोन दिवस वायरी ओढल्या. मग पेटी चालू केली, तर पडद्यावर एका चौकटीत पुढचं दार दिसलं आणि बाकीच्या तीन चौकटी काळ्या राहिल्या.

"झालं?" आण्णांनी विचारलं.

"एकच लागतोय."

"बाकीचं बिघडलं व्हय?"

"न्हाय. परवाना नाही म्हणतंय. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा परवाना लागतोय. पेटीबरोबर एक फुकट हाय. बाकीचे विकत घ्यायचे."

आण्णांनी काळ्या चौकटींवर बोट ठेवलं. "म्हंजे म्हैस चार सडांची दिली," ते म्हणाले, "आन धार एकाच सडाची काढायची?"

"तसंच समजा."

"आन बाकीचं सड काय बघत बसायचं?"

आक्का उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सड तुंबलं तर म्हशीला ताप भरतोय," त्या म्हणाल्या. "एक दिवस ठेवून बघा."

आम्ही दोघंही हसलो. त्यांचं इतकं बरोबर बोलणं त्यानंतर मी फारसं ऐकलं नाही.

परवान्याची चौकशी करायला आण्णा मला एम-एटीवर मागं बसवून शाहूपुरीत घेऊन गेले. तिथं कॅमेरे बसवणाऱ्याचं दुकान होतं. दुकानदारानं पेटीचं नाव ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरवर किंमत काढून दाखवली. डॉलरात होती. एका परवान्याची किंमत एका कॅमेऱ्याच्या आसपास होती. माझी दोन-अडीच महिन्यांची मेस त्यात भागली असती.

"कॅमेरा घरात असून बघायचं पैसं येगळं?" आण्णा म्हणाले.

"पावणं, कॅमेरा ही वस्तू हाय. परवाना म्हंजे नुसता नंबर. ईमेलनं येतोय. हातात काय सुदिक येत न्हाय."

"हातात येत न्हाय त्याला वस्तूएवढं पैसं?"

"म्या ठरवलंय व्हय?" दुकानदार हसला. "बाहेरच्या कंपनीचं हाय, कार्डावर घ्यावं लागतं. पुण्यात मेव्हण्याचं कार्ड हाय माझ्या. त्याचं वर थोडं द्यावं लागंल. न्हायतर माझं ऐका, हे समदं काढून ठेवा. आपला वायरीचा सेट बसवतो. चारी दारं दिसतील, परवान्याची भानगड न्हाय."

"अमेरिकेत दिसंल?"

"तिकडं न्हाय दिसायचं."

"मग नको," आण्णा म्हणाले.

परत येताना त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागं न वळता मला म्हणाले, "पैसं हाईत माझ्याकडं. पर कॅमेरं त्यानं धाडल्यात. बाकीचं बापानं भरलं म्हटल्यावर त्याला काय वाटंल? त्याचं त्यो घील. त्याला सांग, तीन कमी पडल्यात. आन एक सांगतो. आक्का सारखी बाहेर जाती हे सांगू नको. तिकडं बसून त्यो काय करणार, नुसता झुरंल. बरी हाय म्हणायचं."

मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात मुलाशी चॅटवर बोलणं झालं. मी त्याला दादा म्हणायचो, त्याला कधी प्रत्यक्ष बघितलेलं नव्हतं. तीन परवान्यांचं सांगितल्यावर त्यानं लिहिलं की त्याची नोकरी गेली आहे. मंदीचं वर्ष होतं ते. क्रेडिट कार्ड भरून गेलं होतं. 'आण्णांना बोलू नकोस. दुसरं काम लागलं की पहिलं हेच घेतो. आई तशी बरी आहे ना? घाई नाही ना?'

'बरी आहेत,' मी लिहिलं.

दोघांनीही मला विश्वासानं सांगितलं होतं, आणि मी वरच्या खोलीत राहणारा पोरगा होतो. दर रविवारी फोनवर बाप विचारायचा, "त्या परवान्याचं बघतोयस न्हवं?" आणि मुलगा म्हणायचा, "या महिन्यात करतो."

तोवर काय करायचं, ते आण्णांनीच ठरवलं. "उसाला पाणी देताना काय करतोय आपण?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. आमच्याकडं शेत नव्हतं. "पाणी एक आन वाफं चार असलं की पाळी लावतोय. एक वाफा भरला की पाटाचं दार मोडून पाणी दुसऱ्यात. तसं परवान्याचं जमतंय काय बघ."

जमत होतं. एक कॅमेरा बंद केला की त्याचा परवाना मोकळा व्हायचा आणि दुसऱ्याला देता यायचा. मग पाळी ठरली ती आक्कांच्या धारेच्या वेळांवर. पहाटे आणि दिवस मावळताना परवाना मागच्या दाराला, कारण तेव्हा त्या गोठ्याकडं जाणार. दिवसभर पुढच्या दाराला, कारण दुपारी त्या तिथंच बसायच्या. कॉलेजला निघण्याआधी मी परवाना पुढं आणायचो आणि संध्याकाळी परत आलो की मागं न्यायचो. जिना आणि गॅस यांना पाळीच मिळाली नाही. आण्णा त्यांना कोरडे वाफे म्हणायचे.

आक्का दुपारी पुढच्या दारात बसायच्या, त्यालाही कारण होतं. आण्णांनी त्यांना कॅमेरा दाखवून सांगितलं होतं, "तुझा ल्योक ह्यातनं बघतोय तुला." हे मात्र त्या विसरल्या नाहीत. कॅमेऱ्याखाली आल्या की पदर नीट करायच्या. कधी भाकरीचा तुकडा वर धरून म्हणायच्या, "जेवलास काय रं?" चारही कॅमेऱ्यांना त्या असंच विचारायच्या. कुठला चालू आहे आणि कुठला बंद, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. स्वयंपाकघरातल्या बंद कॅमेऱ्याला भाजी दाखवताना मी त्यांना बघितलं आहे. आण्णा मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगायचे.

असे काही महिने गेले. पाळी चांगली चालली होती. पहाटे मागच्या दारावर टिंग झालं की आण्णा उठून जायचे आणि आक्कांना गोठ्यातून हाताला धरून आणायचे. दिवसा ते कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसायचे, रानात पाण्यावर बसतात तसे. त्यांना झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं. माझ्या वडिलांना त्यांनी एकदा फोनवर सांगितलं, "पोरगं हुशार हाय तुमचं." आमच्याकडं त्याचं पुष्कळ दिवस कौतुक झालं.

पण आक्कांचं विसरणं थांबलेलं नव्हतं. आम्ही त्यांच्या धारेच्या वेळा घड्याळासारख्या धरून बसलो होतो, आणि आता त्या वेळाही त्यांच्याकडून सुटत चालल्या होत्या. हे आमच्या लक्षात आलं नाही. दूधवाल्या घरात धारेची वेळ चुकू शकते, हे आण्णांच्या मनातच येण्यासारखं नव्हतं.

उसाची तोड चालू होती. नदीच्या रस्त्यानं दिवसभर ट्रॅक्टर जायचे. त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. मी परत आलो तेव्हा आण्णा कॉम्प्युटरसमोर होते. पडद्यावर पुढचं दार होतं, उंबऱ्यावर ऊन पडलेलं, बाजूला आक्कांचं बसायचं बसकुर.

"आज लई शांत हाय," आण्णा म्हणाले. "जेवून आत निजली ती उठलीच न्हाय. दार हललंबी न्हाय."

मी परवाना मागं न्यायला बसलो आणि मागच्या दाराची चौकट उजळली. दार सताड उघडं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन बघितलं. अंथरुणाची घडी घातलेली होती. गोठ्यात गेलो. खुंटीवर बादली नव्हती.

धारेला निघायची ती वेळच नव्हती. भर दुपारी त्या धार काढायला निघाल्या होत्या, आणि आण्णा त्या वेळी पुढच्या दाराकडं डोळे लावून बसले होते.

गल्ली सगळी बाहेर पडली. नदीकडं, केंद्राकडं, पुतण्याच्या रानात, स्टँडवर. अंधार पडल्यावर पोलीस आले. हवालदारानं दोन्ही दारं बघितली आणि वर बोट केलं.

"कॅमेरं चार हाईत की. मागचं रेकॉर्डिंग दावा."

मी सांगितलं की मागचा कॅमेरा दुपारी बंद होता.

"बंद का?"

"परवाना एकच हाय साहेब. दिवसा पुढं असतोय."

"कॅमेऱ्याला परवाना?" तो आण्णांकडं बघायला लागला. "मग बाकीचं लावलंय कशाला?"

शेजारच्या बाईनं त्याला पाणी आणून दिलं.

अमेरिकेत मीच कळवलं. दादा फोनवर म्हणाला, "मी बघत होतो रे. झोप येत नाही हल्ली, म्हणून तेच लावून बसलेलो. आई दिसली नाही, मला वाटलं आत असेल." मग मी त्याला आक्का किती वेळा बाहेर गेल्या होत्या ते सांगितलं. आणि आण्णांना, दादाची नोकरी गेली आहे ते. आता लपवून काही राहणार नव्हतं. दोघांनी ऐकून घेतलं. दादाला यायचं होतं, पण तिथून निघालं तर परत जाता येईल की नाही अशी त्याच्या व्हिसाची अडचण होती.

थोड्या दिवसांनी त्याचा ईमेल आला. त्यात तीन लांबलचक नंबर होते. त्यानं मित्राकडून उसने घेऊन परवाने घेतले होते. आण्णा शेजारी उभे होते. मी एकेक नंबर टाकत गेलो आणि एकेक चौकट उजळत गेली. पुढचं दार, मागचं दार, जिना, गॅस. चारी चौकटींत आमचं घर दिसत होतं आणि एकाही चौकटीत कुणी नव्हतं.

"झ्याक झालं," आण्णा म्हणाले. "आता कुठनंबी आली तरी दिसंल."

ते खुर्ची ओढून बसले. मला एक गोष्ट तेव्हा सुचली, ती मी त्यांना सांगितली नाही. मागच्या दारातून जाताना आक्का थांबल्या असतील, पदर नीट केला असेल, वर बघून मुलाला कुठं निघालो ते सांगितलंही असेल. त्या नेहमी सांगायच्या. ते कुठंच उमटलं नाही.

कॉलेजचं वर्ष संपलं, माझी पदवी झाली आणि मी पुण्याला नोकरीवर गेलो. निघताना आण्णांनी चहा केला. कपातून दिला. कॉम्प्युटर चालूच होता. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा. नेट गेलंय, काय करू. पडदा अडकलाय, काय करू. मी फोनवरून सांगायचो. आक्कांचा विषय दोघंही काढायचो नाही.

मग एके दुपारी, मी जेवायला बाहेर पडलो होतो तेव्हा, फोन आला.

"ते परवानं दुसऱ्या कुणाला देता येत्यात काय रं?" आण्णांनी विचारलं.

"न्हाय आण्णा. त्या पेटीलाच बांधलेले असतात."

"कंपनी परत घेत न्हाय?"

"न्हाय."

"बरं," ते म्हणाले. पलीकडं एक ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला. तो जाईपर्यंत ते थांबले. मी विचारलं, "का ओ आण्णा?"

"पन्हाळ्याच्या अंगाला एक वस्ती हाय. तिथं दूध न्यायला टेंपो जातोय. टेंपोवाला पहिल्यांदा आमच्या केंद्रावर हुता. त्यानं तिथं गोठ्यात माझ्या नावाची बादली बघितली. काल गेलतो." ते सावकाश, एकेक सांगत होते. "उसाच्या गाडीवाल्यानं कुणीतरी तिथवर नेऊन सोडली असंल. नाव सांगंना, गाव सांगंना, म्हशीजवळनं हलंना, म्हणून त्या लोकांनी ठिवून घेतली. आज्जी म्हणायची समदी. गोठ्यातच निजायची. गोठ्याला दार न्हाय, पोरा, नुसतं छप्पर हाय. दोन्ही टायमाची धार तीच काढायची म्हणं. माघातल्या थंडीत गेली. सकाळी धारंला उठली न्हाय, तवा त्यास्नी कळलं."